नोंदवहीतला रिकामा रकाना

रायपूरला माझी बदली झाली तेव्हा येथील काही मराठी कुटुंबांचा एक परिपाठ मला कळला. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी पंधरा-वीस माणसे जमतात आणि सध्या हाती असलेल्या पुस्तकाविषयी प्रत्येक जण पाच-सात मिनिटे बोलतो. अध्यक्ष नाही, प्रमुख पाहुणा नाही, हारतुरे नाहीत. पुस्तक मराठीच असावे असाही आग्रह नाही. पहिल्याच बैठकीत एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला विचारले, "साहेब, तुम्ही सध्या काय वाचताय?" मी हसून उत्तर दिले, "फायली." सगळे हसले, बाई मात्र हसल्या नाहीत. "फायली काय, पेन्शनपर्यंत आहेतच. पुस्तक सांगा," त्या म्हणाल्या. माझ्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते. पन्नाशी उलटलेल्या, अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्या माणसाला आपण शेवटचे पुस्तक कधी वाचून पूर्ण केले हे आठवू नये, याची मला त्या दिवशी मनापासून लाज वाटली.

त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मी रायपूरच्याच इतिहासात शिरलो. त्यातून जे हाती आले ते प्रशासनाशीही निगडित आहे, म्हणून ते येथे मांडतो.

आधी आमच्या घरची गोष्ट. केंद्र सरकारच्या बहुतेक कार्यालयांत एक छोटे ग्रंथालय असते. त्याच्या खर्चाविषयी नियम आहेत. नियतकालिके आणि प्रमाणित संदर्भग्रंथ वगळून उरलेल्या ग्रंथालय-खर्चापैकी निम्मी रक्कम हिंदी पुस्तकांवर खर्च व्हावी, असे राजभाषा विभागाच्या वार्षिक कार्यक्रमात ठरवून दिलेले असते. त्यामुळे पुस्तके विकत घेतली जातात. ती मोजली जातात, त्यांच्यावर शिक्के बसतात, क्रमांक पडतात, दरवर्षी त्यांची पडताळणी होते. मी काम केलेल्या एका कार्यालयात अशी तीन कपाटे होती. किल्ली एका लिपिकाकडे असे आणि तो रजेवर गेला की कपाटे बंद राहत. पुस्तके नेल्या-आणल्याची नोंदवही मी मागवून पाहिली, तेव्हा वर्षभरात फक्त तीन नावे आढळली. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने त्या ग्रंथालयात एकही दोष नव्हता. दाखल क्रमांक, दिनांक, ग्रंथनाम, लेखक, किंमत, पुरवठादार, देयक क्रमांक असे सर्व रकाने भरलेले होते. पुस्तक वाचणाऱ्याला काय वाटले, यासाठी रकानाच नव्हता.

ही आपली जुनी परंपरा आहे. १८६७ साली ब्रिटिश सरकारने मुद्रणालये आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. त्यानुसार मुद्रकाला छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे द्याव्या लागत आणि प्रत्येक प्रांताचे सरकार त्यांची सूची ठेवून दर तिमाहीला राजपत्रातून ती प्रसिद्ध करी. पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक, विषय, मुद्रक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, छापलेल्या प्रतींची संख्या, किंमत ही सर्व माहिती त्या सूचीत असे. १८५७ नंतरच्या सरकारला देशी भाषांत काय छापले जाते आहे हे जाणून घ्यायचे होते आणि त्यामागे जिज्ञासेबरोबर धाकही होता. तरीही या सूची निरुपयोगी ठरल्या नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर जे टिपण लिहिले, त्यात नोंदलेल्या ग्रंथांच्या संख्येवरून कोणत्या विषयात भर पडली आणि कोठे उणीव राहिली याचा आढावा घेतला. आकडे सरकारचे होते, पण त्यांचा अर्थ लावायला एक वाचक लागला. रानड्यांनी केले ते काम नोंदवहीला स्वतःहून कधीच करता आले नसते.

हा १८६७ चा कायदा आपल्याकडे दीड शतकाहून अधिक काळ टिकला. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. नव्या कायद्याच्या कक्षेत फक्त नियतकालिके आहेत, पुस्तके नाहीत.

रानडे हे टिपण लिहीत होते त्याच सुमारास माधवराव सप्रे नावाचा एक मराठी तरुण बी.ए. झाला. त्याचा जन्म १९ जून १८७१ रोजी आजच्या मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यात, पथरिया या गावी झाला होता. बालपण आणि प्राथमिक शिक्षण बिलासपूरला, पुढचे शालेय शिक्षण रायपूरच्या सरकारी शाळेत. घरची भाषा मराठी, शाळेची आणि बाजाराची हिंदी, कॉलेजची इंग्रजी. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या वाचकांना ही त्रिभाषी गृहस्थिती वेगळी समजावून सांगायला नको. त्या काळी बी.ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी सहज मिळत असे. सप्र्यांनी ती वाट नाकारली आणि पेंड्रा येथील जमीनदारांच्या राजकुमाराला शिकविण्याचे काम पत्करले. बिलासपूरच्या उत्तरेस, मैकलच्या डोंगराळ भागात हे गाव आहे. आज ते गौरेला-पेंड्रा-मरवाही या २०२० साली झालेल्या जिल्ह्यात येते. तेथे शिकवणीच्या पगारातून पैसे बाजूला टाकून सप्र्यांनी जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात त्यांचे जोडीदार होते रामराव चिंचोलकर, आणि प्रकाशनाचा भार उचलला रायपूरच्या वामन बळीराम लाखे यांनी. मासिकाचे संपादन पेंड्र्याला, छपाई प्रथम रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये आणि नंतर नागपूरच्या देशसेवक प्रेसमध्ये. छत्तीसगडातून निघालेले पहिले नियतकालिक म्हणून ते सहसा ओळखले जाते, आणि ते काढणारे हे तिघे मराठी होते.

या मासिकाचा एक भाग आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. पहिल्याच अंकातील निवेदनात आपल्या उद्दिष्टांपैकी एक उद्दिष्ट त्यांनी स्पष्ट सांगितले होते: हिंदीत बरेच टाकाऊ लेखन साचू लागले आहे, ते वाढू नये म्हणून प्रसिद्ध होणाऱ्या ग्रंथांवर जाणकारांकडून समालोचना लिहवून ती छापावी. आज पुस्तक-परीक्षण ही वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीतील सवयीची गोष्ट वाटते. १९०० साली हिंदीत तशी सवय नव्हती. पुस्तक पोचले, लेखकाचे आभार, किंमत अमुक, मिळण्याचे ठिकाण तमुक, एवढ्या पोचपावतीवर बहुधा भागत असे. म्हणजे सरकारी सूचीपेक्षा फार अधिक काही नाही. सप्र्यांनी पुस्तक वाचून त्याविषयी सविस्तर लिहायला प्रारंभ केला. श्रीधर पाठक यांच्या काव्यांवर त्यांनी लिहिले, व्याकरणाच्या पुस्तकांवर लिहिले. गुण सांगितले, दोषही सांगितले. हिंदी समीक्षेचा इतिहास सांगताना अभ्यासक या मासिकाला जे स्थान देतात ते यामुळे.

ही दृष्टी कोठून आली? मराठी वाचकाला तर्क करणे कठीण नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ ते १८८१ या काळात निघाली होती, 'विविधज्ञानविस्तार' त्याहून आधीपासून चालू होते. ग्रंथावर परखड मत द्यावे, ते सप्रमाण द्यावे, आणि मत देणाऱ्याने आपली जबाबदारी ओळखावी, ही शिस्त मराठीत एका पिढीच्या अंगवळणी पडली होती. घरी मराठी वाचणाऱ्या सप्र्यांनी ती शिस्त शेजारच्या भाषेत नेली. प्रवासी माणसाने गावाकडचे बियाणे नव्या जमिनीत पेरावे तसे हे झाले. चिपळूणकरांनीही सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली होती, हा योगायोगही ध्यानात घेण्याजोगा आहे.

'छत्तीसगढ़ मित्र' तीन वर्षे चालले. १९०१ साली त्यात आलेली सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा हिंदीतील पहिल्या कथेच्या वादात आजही अग्रभागी असते. परंतु वर्गणीदार पुरेसे मिळाले नाहीत, तोटा वाढत गेला आणि डिसेंबर १९०२ नंतर मासिक बंद पडले. व्यवहारी माणूस या जमाखर्चाला अपयश म्हणेल. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने मला मात्र पुढची एक घटना अधिक महत्त्वाची वाटते.

काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने विज्ञानविषयक पारिभाषिक शब्दांचा हिंदी कोश करावयास घेतला, तेव्हा त्यातील अर्थशास्त्राचे काम सप्र्यांनी केले. 'कॅपिटल'ला काय म्हणावे, 'रेंट'ला काय, असे प्रश्न त्या पिढीने सोडवले म्हणून आज आपण अंदाजपत्रकावर आपल्या भाषेत बोलू शकतो. याच काळात सप्र्यांनी अर्थशास्त्रावर हिंदीत एक ग्रंथ लिहिला होता. तो छापण्याइतका समाधानकारक झालेला नाही असे त्यांचे स्वतःचे मत पडले. इतरांच्या पुस्तकांची परखड परीक्षा करणाऱ्याने स्वतःच्या पुस्तकालाही तोच निकष लावला. पुढे 'सरस्वती'चे संपादक महावीरप्रसाद द्विवेदी याच विषयावर लिहीत आहेत हे कळल्यावर सप्र्यांनी आपले हस्तलिखित त्यांच्या स्वाधीन केले. द्विवेदींचा 'संपत्तिशास्त्र' हा ग्रंथ १९०८ साली प्रसिद्ध झाला, आणि या हस्तलिखिताचा त्यांनी प्रस्तावनेत कृतज्ञतेने उल्लेख केला.

संपत्तीच्या शास्त्रावरचे पुस्तक एका माणसाने मोबदला न घेता दुसऱ्याला देऊन टाकले. विद्यापीठात आम्हाला शिकवले होते की काही वस्तू एकाने वापरल्या म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाहीत. ज्ञान हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पण अर्थशास्त्राच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सप्र्यांचे किंवा द्विवेदींचे नाव मी एकदाही ऐकले नाही. ते मला रायपूरच्या त्या बैठकीनंतर, फायलींबाहेरचे काही वाचायला घेतल्यावर भेटले.

सप्र्यांचे वाचन आणि वाटणे पुढेही चालू राहिले, पण त्याची किंमत वाढली. १९०६ मध्ये त्यांनी नागपूरहून 'हिंदी ग्रंथमाला' सुरू केली. जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यावरील निबंधाचा द्विवेदींनी केलेला अनुवाद 'स्वाधीनता' या नावाने तिच्यातून वाचकांपुढे आला. स्वदेशी आणि बहिष्कारावरचे सप्र्यांचे पुस्तक सरकारने जप्त केले. १८६७ च्या कायद्यान्वये सरकार पुस्तकांच्या प्रती कशासाठी मागत होते त्याचा हा दुसरा उपयोग. १९०७ साली त्यांनी नागपूरहून 'हिंद केसरी' काढला आणि टिळकांच्या 'केसरी'तील विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचवले. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये सप्र्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली.

येथे सप्र्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग येतो. घरच्यांच्या विलक्षण दडपणाखाली त्यांनी माफीनामा लिहून दिला आणि ते सुटले. कालचे सहकारी दुरावले; त्यांच्या मनाला तर ही गोष्ट कायमची लागली. सार्वजनिक जीवनातून ते बाजूला झाले, वर्ध्याजवळ हनुमानगडावर रामदासी श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सहवासात राहिले, मधुकरी मागून जगले आणि 'दासबोध' वाचू लागले. पश्चात्तापाच्या दिवसांत माणूस पुस्तकाकडे जातो ते बहुधा स्वतःच्या सांत्वनासाठी. सप्र्यांनी तो ग्रंथ स्वतःपुरता ठेवला नाही. रायपूरला परतल्यावर त्यांनी 'दासबोध' हिंदीत आणला. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी सप्र्यांचा हिंदी अनुवाद निघाला. ज्याने माफी मागितली नाही त्याने तुरुंगात लिहिलेला ग्रंथ, ज्याने माफी मागितली त्याने सबंध उत्तर हिंदुस्थानच्या हाती दिला. तो अनुवाद करताना त्यांच्या मनात काय चालले असेल याची कल्पना कोणत्याही प्रामाणिक माणसाला करता येईल. चिंतामणराव वैद्यांची महाभारत-मीमांसाही त्यांनी हिंदीत नेली. १९२० मध्ये जबलपूरहून 'कर्मवीर' निघाला तेव्हा संपादक म्हणून माखनलाल चतुर्वेदींना पुढे करून ते स्वतः मागे राहिले. १९२४ साली देहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले.

आज रायपुरात सप्र्यांच्या नावाची शाळा आहे आणि तिचे मैदान बूढा तलावाजवळ सर्वांच्या परिचयाचे आहे. मासिकाचा खर्च सोसणाऱ्या लाख्यांनी पुढे या भागात सहकारी बँकेची चळवळ उभी केली; लाखेनगर ही वस्ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. भोपाळला १९८४ साली स्थापन झालेले जुन्या वृत्तपत्रांचे संग्रहालयही सप्र्यांच्याच नावाचे आहे. रायपूरमधून जाणाऱ्या जी.ई. रोडवर २०१८ मध्ये सुरू झालेला नालंदा परिसर हे चोवीस तास उघडे असणारे ग्रंथालय आहे. मध्यरात्रीही तेथे तरुण मुले-मुली वाचत बसलेली दिसतात. बहुतेक जण स्पर्धा परीक्षांचे आहेत. उद्याचे प्रशासन तेथे बसले आहे, असे म्हणायला हरकत नाही. त्या मुलांविषयी मला आदर वाटतो. आम्हीही असेच वाचून येथवर आलो. फक्त एक काळजी वाटते. परीक्षेसाठीचे वाचन स्पर्धेचे असते, त्यात शेजाऱ्याला कळलेले आपल्याला कळले नाही तर आपला तोटा होतो. नोकरी लागल्यावर ती सवय सुटत नाही. मग माहिती स्वतःपाशी दाबून ठेवणारा अधिकारी तयार होतो, आणि पुढे-मागे 'फायली' असे उत्तर देणारा.

सप्र्यांकडून मी शिकलो ती गोष्ट एवढीच, की पुस्तक वाचून झाले म्हणजे वाचकाचे काम अर्धेच झालेले असते. ते कोणाला तरी सांगितले की उरलेले पुरे होते. म्हणून कार्यालयात मी एक लहानसा बदल केला. त्यासाठी ना मंजुरी लागली ना निधी. पुस्तके नेण्याच्या नोंदवहीत शेवटी एक रकाना वाढवला: 'वाचून काय वाटले?' कपाटाची किल्ली दाराच्या खिळ्याला टांगली. पहिले काही महिने त्या रकान्यात 'छान', 'ठीक' एवढेच येत असे. मग एका शिपायाने प्रेमचंदांच्या 'गोदान'विषयी लिहिले की होरीसारखे माझे काका होते, त्यांची गायही अशीच गेली. ते वाक्य कार्यालयभर फिरले. त्यानंतर ते पुस्तक कपाटात फारसे टिकले नाही. वर्षभरात क्रांती झाली असे मी म्हणणार नाही. पण पूर्वीच्या तीन नावांच्या जागी आता नोंदवहीची तीन-चार पाने भरतात, आणि माणसे एकमेकांच्या हस्ताक्षरात वाचतात.

आता महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा सर्वांसाठी. रायपूर असो, इंदूर असो, बडोदे असो की न्यू जर्सी, आपल्या घरांतले एक दृश्य सारखेच आहे. आजोबांनी जमवलेली मराठी पुस्तके कपाटात आहेत आणि नातवंडांना ती वाचता येत नाहीत. आजोबा गेले की पुस्तकांचे गठ्ठे रद्दीकडे निघतात. मुलांना मराठी वाचायला शिकवावे हे खरेच, आणि त्यासाठी झटणाऱ्यांना माझा नमस्कार. पण तोवर काय? सप्र्यांनी मराठी वाचले आणि हिंदीत सांगितले, म्हणून रामदास आणि टिळक या भागात पोहोचले. आपणही निदान इतके करू शकतो: घरातल्या प्रत्येक आवडत्या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर, नातवंडाला वाचता येईल त्या भाषेत, चार ओळी लिहाव्यात. हे पुस्तक मला कधी मिळाले, कोणी दिले, त्यात मला काय आवडले. रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी कोणी तरी ते पान उघडून पाहील, आणि ते पुस्तक कदाचित वाचेल.

पुढच्या बैठकीला मी गेलो तेव्हा बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी पिशवीतून द्विवेदींचे 'संपत्तिशास्त्र' काढले आणि हस्तलिखिताची हकीगत सांगितली. सात मिनिटांची वेळ कधीच संपली होती. कोणी अडवले नाही. माझे बोलून झाल्यावर बाईंनी पुस्तक मागून घेतले. ते अजून त्यांच्याकडेच आहे.